रुग्णालयात रुग्ण पडतो तो अनेकदा संडासाच्या वाटेवर

प्रश्न थोडक्यात असा: वडील, वय ७६. हृदयाचं पंपिंग कमी, पायाला सूज, छातीत संसर्ग म्हणून दाखल. चौथ्या रात्री पावणेतीनला कॉटवरून उतरून संडासाकडे निघाले आणि पडले. उजवा खुबा मोडला. त्या रात्री आठला लघवीची गोळी आणि दहाला झोपेची गोळी दिली होती. हाताला सुई होती, स्टँडला अँटिबायोटिकची बाटली चालू होती. मुलगा शेजारीच सतरंजीवर झोपला होता. रुग्णालयाचं म्हणणं, ‘उठू नका असं सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही.’ दीड महिन्याने आईच्या गुडघ्याचं सांधेरोपण आहे, आई ७० वर्षांची. रुग्ण असे का पडतात, आणि आईच्या वेळी काय बघायचं?

‘त्यांनी ऐकलं नाही’ हे कारण मान्य करू नका. आणि ‘मी झोपलो नसतो तर’ हेही मनाला लावून घेऊ नका. लघवी लागलेल्या माणसाला ‘उठू नका’ सांगणं ही खबरदारी होत नाही, कारण लघवी सांगून थांबत नाही. वॉर्डातल्या पडण्याच्या नोंदी वाचल्या की एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं: वेळ रात्रीची किंवा पहाटेची, रुग्ण एकटा, जागा कॉट आणि संडास यांच्या मधली. त्या वाटेवर नेमकं काय काय जमा झालं होतं ते पाहिलं की कारणं आपोआप समोर येतात. म्हणून आधी ती रात्रच नीट उलगडतो.

आठची गोळी. फ्युरोसेमाइड, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीची लॅसिक्स, तोंडाने घेतली की तासाभरात लघवी वाढवते आणि तिचा अंमल सहा ते आठ तास राहतो. आठला दिली म्हणजे पहाटे दोन ते चारपर्यंत. त्यात दिवसभर पाय खाली सोडून बसलेल्या रुग्णाच्या पायातली सूज आडवं झाल्यावर रक्तात परत येते आणि तिचीही लघवी रात्रीच होते. म्हणून या गोळीचा दुसरा डोस साधारण दुपारी चारच्या आत द्यावा असा प्रघात आहे. धाप फार असेल तर रात्री द्यावी लागते, त्याला इलाज नसतो. पण मग त्या रात्री रुग्णाला लघवीला कोण नेणार, किती वाजता नेणार, हे गोळी देतानाच ठरलं पाहिजे. औषधाच्या तक्त्यावर गोळीची वेळ असते, लघवीची वेळ कुठेच नसते. या एका रिकाम्या रकान्यातून किती खुबे मोडतात याची कल्पना वॉर्डात काम करणाऱ्यांना असते.

दहाची गोळी. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम यांपैकी कोणतीही असो, म्हाताऱ्या शरीरात तिचा अंमल लांबतो. क्लोनाझेपामचं अर्धं औषध शरीराबाहेर जायलाच ३० ते ४० तास लागतात. म्हणजे रोज एक दिली की कालची अजून शिल्लक असते. अशा माणसाला जाग येते ती अर्धीच. डोळे उघडे, पाय मात्र झोपेत. तोल जातोय हे कळून हात पुढे टाकायला जो क्षण लागतो, तोच ही गोळी काढून घेते. हात पुढे आला तर मनगट मोडतं. नाही आला तर माणूस कुशीवर पडतो आणि खुबा मोडतो.

रक्तदाब. आडव्या माणसाला उभं केल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने उतरला, तर त्याला उभं राहताना रक्तदाब पडणं म्हणतात. लघवीच्या गोळीने शरीरातलं पाणी कमी केलेलं, सोबत रक्तदाबाच्या गोळ्या, कदाचित प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. चार दिवस अंथरुणात. असा रुग्ण झटकन उठला की डोळ्यांपुढे अंधारी येणारच. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो: भरलेलं मूत्राशय उभ्याने रिकामं करताना रक्तदाब अचानक खाली येतो आणि माणूस भांड्यापाशीच कोसळतो. म्हणून वृद्ध पुरुषांनी रात्री लघवी बसूनच करावी, किंवा कॉटच्या कडेला बसून पॉटमध्ये करावी.

हाताची सुई. दोनला लावलेली बाटली तासभर चालते. रुग्ण उठतो, नळी ताणली जाते, तो एका हाताने स्टँड धरतो. स्टँडला चाकं असतात, त्यातलं एखादं अडकणारं असतं. आधार म्हणून धरलेली वस्तूच पुढे पळते. दुसरा हात धोतराला किंवा पायजम्याच्या नाडीला. म्हणजे पडताना रुग्णाकडे एकही मोकळा हात नसतो.

कॉट. जुनी लोखंडी फाउलर कॉट (डोक्याकडचा भाग वर-खाली करता येणारी) गादीसकट दोन फुटांच्या वर जाते. आपल्याकडच्या साध्या उंचीच्या वृद्ध माणसाच्या गुडघ्याखालची उंची पंधरा-सोळा इंच. कडेला बसल्यावर पाय लोंबतात, म्हणून खाली लोखंडी पायरी-स्टूल ठेवतात. दिवसा ते सोयीचं वाटतं. रात्री अंधारात उतरताना पाय त्याच्या मध्यावर न पडता कडेवर पडतो आणि ते कलंडतं. त्यात बाजूचा कठडा पूर्ण लांबीचा आणि वर केलेला असेल, तर रुग्ण पायाकडच्या फटीतून सरकत उतरतो किंवा कठड्यावरून पाय टाकतो. कठड्यावरून पडलेला माणूस गादीपेक्षा फूटभर जास्त उंचीवरून पडतो. ‘कठडे वर करा म्हणजे पडणार नाहीत’ हा वॉर्डातला सर्वांत पक्का गैरसमज आहे. शुद्धीत नसलेल्या, स्ट्रेचरवरून नेल्या जाणाऱ्या, भुलीतून बाहेर येणाऱ्या रुग्णासाठी कठडे हवेतच. पण जो उठू शकतो आणि गोंधळलेला आहे त्याच्यासाठी पूर्ण कठडा हा चढायचा अडथळा ठरतो. अशांना कॉट सर्वांत खालच्या पातळीवर, डोक्याकडचा अर्धा कठडा आधाराला वर आणि पायाकडचा खाली, हे जास्त सुरक्षित.

फरशी आणि उजेड. पहाटे पाचच्या सुमाराला मावशी किंवा मामा फिनाईलच्या पाण्याने फरशी पुसतात, आणि नेमके तेव्हाच सगळा वॉर्ड संडासाला उठतो. संडासात जेटमुळे, बादलीमुळे फरशी चोवीस तास ओली. दाराशी दोन इंचांचा उंबरठा. पायात झिजलेली रबरी सपाता किंवा थंडी वाजते म्हणून घातलेले साधे पायमोजे. गुळगुळीत फरशीवर पायमोजा म्हणजे तेलच.

आणि शेवटी भीड. पॉट कॉटखाली असतो, पण शेजारी सून किंवा मुलगी असेल तर मागायची लाज वाटते. ‘दिवसभर धावपळ करून आत्ता कुठे डोळा लागलाय पोराचा, कशाला उठवा’ हा विचार करून माणूस गुपचूप पाय खाली टाकतो. घंटी असली तरी ती उशामागे भिंतीवर लोंबत असते. शिस्तीचा भाग म्हणून याकडे बघणं चूक आहे. हे मायेपोटी होतं, आणि म्हणूनच सूचना देऊन थांबत नाही.

यांपैकी एकेक गोष्ट एकटी असती तर बहुधा काही झालं नसतं. रात्री दहाला लघवीला नेऊन आणणं आणि एक वाजता पुन्हा विचारणं एवढं झालं असतं, तर बाकी सगळं असूनही पावणेतीनला उठायची वेळच कदाचित आली नसती.

आता रुग्णालयाच्या कागदाबद्दल. दाखल करताना सिस्टर ‘मॉर्स’ नावाचं मोजमाप भरतात. परिचारिका-संशोधक जॅनिस मॉर्स यांनी १९८० च्या दशकात बसवलेलं हे कोष्टक बहुतेक मानांकित रुग्णालयांत वापरतात. त्यात सहाच प्रश्न: आधी पडला आहे का (२५ गुण), एकापेक्षा जास्त आजार (१५), चालताना आधार (काठी-वॉकर १५, कॉट-भिंत धरून चालणं ३०), सुई लावलेली आहे का (२०), चाल अशक्त (१०) की फारच बिघडलेली (२०), आणि आपल्या मर्यादेचं भान नसणं (१५). एकूण १२५, ४५ किंवा त्याहून जास्त भरले की साधारणपणे जास्त धोका धरतात. तुमच्या वडिलांचे गुण दोन आजारांचे १५, सुईचे २० आणि अशक्त चालीचे १०, असे ४५ तरी भरतात. कॉट धरून चालत असतील तर ७५. म्हणजे कागदावर ते जास्त धोक्याचेच होते. पडण्याच्या धोक्याची खूण म्हणून पिवळा पट्टाही हाताला बांधला असेल. पण पुन्हा वाचा: सहा प्रश्नांत लघवी नाही, झोपेची गोळी नाही, रात्र नाही, नजर नाही. गुण मोजून धोका कळतो. त्याचं काय करायचं ते कळत नाही. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१३ मध्येच सांगितलं, की दाखल रुग्णांसाठी असे गुण काढत बसू नका. ६५ च्या वरचा प्रत्येक रुग्ण धोक्यात आहे असंच धरा, आणि त्या माणसाची स्वतःची कारणं शोधून एकेक दूर करा. आपल्याकडे रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानांकनात दर १००० रुग्ण-दिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस दाखल म्हणजे एक रुग्ण-दिवस) किती पडले याची नोंद ठेवावी लागते, म्हणून कोष्टक भरायला हवंच. पण ते भरलं म्हणजे काम झालं असं नव्हे.

त्या आकड्याची कल्पना यावी म्हणून: अमेरिकेतल्या रुग्णालयांत हे प्रमाण १००० रुग्ण-दिवसांना ३ ते ५ असं सापडलं आहे, आणि पडलेल्यांपैकी तिघांतल्या एकाला काही ना काही इजा होते. एखादं मोठं रुग्णालय ‘आमच्याकडे वर्षभरात एकही रुग्ण पडला नाही’ असं सांगत असेल, तर तिथे नोंद होत नाही असं समजावं. नोंद केली की सिस्टरलाच मेमो मिळतो, अशी रीत जिथे असते तिथे हेच घडतं.

पडणं एक, आणि पडून इजा होणं दुसरं. इजा कोणाला होईल हे चार गोष्टींवरून बरंचसं सांगता येतं: वय फार झालेलं आणि अंगात मांस न उरलेलं, हाडं ठिसूळ, विशेषतः पूर्वी साध्या पडण्याने मनगट किंवा मणका मोडलेला, रक्त पातळ करणारी औषधं चालू किंवा प्लेटलेट कमी, आणि नुकतंच ऑपरेशन. यांतलं एक जरी असेल तर त्या रुग्णाला रात्री एकट्याने उठू द्यायचंच नाही, मग गुण कितीही येवोत.

कर्मचाऱ्यांच्या संख्येचा मुद्दा टाळून चालणार नाही. तीस-चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर आणि एक मावशी, त्यातलीही एक नव्या रुग्णाला घेऊन सीटीला गेलेली. अमेरिकेतल्या परिचर्या-संशोधक लिंडा एकिन यांचा २००२ चा अभ्यास प्रसिद्ध आहे: एका सिस्टरकडे एक रुग्ण जादा दिला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. घंटी वाजली आणि पाच मिनिटं कोणी आलं नाही, तर रुग्ण पुढच्या वेळी घंटी वाजवत नाही. पाळी बदलतानाचा अर्धा तासही वाईट, कारण सगळे टेबलाशी हँडओव्हर देत-घेत असतात. माणसं कमी असतील तिथे यंत्रं भर काढतील ही आशाही फारशी खरी नाही. कॉटवरून उठल्यावर वाजणारे अलार्म लावून पडणं कमी झालं नाही, असं अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. उलट ऑस्ट्रेलियातल्या पुनर्वसन वॉर्डांत प्रत्येक रुग्णापाशी बसून ‘तू कसा पडू शकतोस आणि काय करायचं’ हे त्याच्याच भाषेत समजावल्यावर आणि कर्मचाऱ्यांना ते कळवत राहिल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं; तो अभ्यास २०१५ चा.

अंथरूण स्वतःच एक कारण आहे. निरोगी वृद्धांना दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं तर पायांचं मांस सुमारे एक किलोने घटलं होतं. आजारी माणसाचं त्याहून वेगाने घटतं. ‘पडेल म्हणून उठवू नका’ हे चार दिवस पाळलं की पाचव्या दिवशी तो नक्की पडतो. रोज तीन वेळा खुर्चीत बसवून जेवू घालणं, धरून संडासापर्यंत चालवणं, हे पडण्याविरुद्धचं औषध आहे.

भ्रमाबद्दल थोडं विस्ताराने, कारण घरच्यांनाच तो आधी कळतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. संध्याकाळपासून वडील विचित्र बोलायला लागतात, ‘गाडी आली, चला’ म्हणतात, सुई ओढतात. सकाळी पुन्हा ठीक. ‘वयामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. त्यामागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, चार दिवस न झालेला संडास, सोडियम कमी होणं, साखर उतरणं, ऑक्सिजन कमी पडणं किंवा नवीन औषध असतं. रक्त देताना किंवा खाज आली म्हणून दिलेलं एविल किंवा फेनर्गन हेही म्हाताऱ्यांना भ्रमात टाकतं. दुसरा प्रकार फसवा: रुग्ण गप्प, सुस्त, विचारलं तर उशिरा उत्तर. वॉर्डाला तो ‘शांत रुग्ण’ वाटतो. साधी तपासणी: डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला सांगा, शिकलेला माणूस निम्मेसुद्धा म्हणू शकला नाही, किंवा आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे चुकलं, तर सिस्टरना त्याच क्षणी सांगा, ‘हे त्यांचं नेहमीचं नाही.’ हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण नेहमीचं काय ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. अमेरिकेतल्या डॉक्टर शॅरन इनूये यांनी १९९९ मध्ये दाखवलं की चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, चालवणं, रात्रीची शांत झोप, वेळ-वाराची आठवण इतक्या साध्या गोष्टींनी भ्रमाचं प्रमाण १५ वरून ९.९ टक्क्यांवर आलं. हात बांधणं मात्र भ्रम वाढवतं, आणि बांधलेला रुग्ण सुटायच्या धडपडीत स्वतःला जास्त इजा करून घेतो. सुई ओढत असतील तर ती पूर्ण बाहीखाली पट्टीने झाका, गरज संपलेली लघवीची नळी काढायला सांगा, आणि ओळखीचा माणूस जवळ बसवा.

आता आईचं बघू. सांधेरोपणात तीन वेळा धोका वाढतो, आणि तिन्ही आधीच ठाऊक असतात.

पहिली वेळ, भूल उतरताना. कंबरेतल्या इंजेक्शनने पाय काही तास बधिर असतात. त्यानंतर दुखू नये म्हणून मांडीतल्या नसेभोवती औषध सोडलेलं असेल, तर मांडीचा पुढचा स्नायू बारा-चोवीस तास किंवा जास्तही ढिला राहू शकतो. तेव्हा पाय दुखत नाही, बोटं हलतात, आईला वाटतं सगळं ठीक आहे. आणि उभं राहताच गुडघा वाकतो. उठण्याआधी बघायचं हे: आडवं असताना गुडघा सरळ ठेवून टाच गादीवरून उचलता येते का, आणि तशी पाच सेकंद धरता येते का. नाही आली तर उभं करायचं नाही. पहिल्यांदा उभं करणं फिजिओथेरपिस्टसमोर, वॉकर आणि कमरेला पट्टा घेऊनच.

दुसरी वेळ, लघवीची नळी काढल्यानंतरची पहिली रात्र. नळी बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी काढतात. त्या दिवशी लघवी थोडी थोडी, वारंवार आणि घाईची होते. त्या रात्री जागं राहणारा माणूस हवा. घरच्या दोघांनीच रात्री वाटून घ्यायच्या असतील तर अनुभवी माणसाची पाळी या रात्री ठेवा; ऑपरेशनच्या रात्री आई अंथरुणातच असते.

तिसरी वेळ, दुखण्याच्या औषधाचा अंमल. ट्रॅमाडॉलने चक्कर, मळमळ आणि गुंगी येते. दिल्यानंतर पहिला एक-दीड तास चालवायचं नाही, पण दुखणं आटोक्यात असतानाच चालवायचं आहे, म्हणून वेळ सिस्टरशी बोलून जुळवा.

दाखल व्हायच्या आधी करायचं: घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पट्ट्यांसकट, भूलतज्ज्ञांना दाखवा. आई वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेत असेल तर ते लपवू नका. अशी गोळी एकदम बंद झाली तरी भ्रम होतो. मधुमेह असेल तर इन्सुलिन आणि ताट यांची वेळ जुळते का ते रोज बघा. इन्सुलिन टोचलं आणि ताट एक तासाने आलं, की साखर ७० च्या खाली, घाम, थरथर आणि पडणं. मागून बंद, रबरी तळाची, मापाची चप्पल घ्या. पायघोळ गाऊन नको. घोट्याच्या वर राहील असाच. चष्मा आणि बॅटरी उशाशी, हाताच्या टप्प्यात.

खोलीत गेल्या गेल्या दहा मिनिटं घ्या. कॉट किती खाली येते ते वापरून बघा. आई कडेला बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. कॉटच्या चाकांचे ब्रेक लागतात का? घंटी दाबून बघा आणि किती वेळात कोणी येतं ते मोजा. संडासाचं दार बाहेर उघडतं का? आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर तोच दार अडवतो. कडी लावू नका म्हणून आईला आत्ताच सांगा. लाज वाटत असेल तर दारावर ओढणी टाका. कमोडशेजारी पकडायची दांडी हवी. नळाला, टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती हातात येते. नवीन गुडघ्याला बुटका कमोड झेपत नाही. वरून बसवायची उंच सीट मागा.

रात्रीचं वेळापत्रक कागदावर लिहून कॉटशी चिकटवा: झोपण्यापूर्वी दहाला, मग एकला, मग चारला. लागली असो वा नसो, विचारायचं आणि न्यायचं किंवा भांडं द्यायचं. संध्याकाळी सातनंतर चहा नको. पाणी मात्र दिवसा भरपूर, तोडायचं नाही. आणि उठवायची रीत दर वेळी तीच: उशाकडचा भाग वर करून दोन मिनिटं, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं, घोटे वर-खाली पंधरा वेळा, मग धरून एक मिनिट उभं, ‘डोळ्यांपुढे काही येतंय का?’ विचारून मगच पाऊल. तुम्ही ऑपरेशनच्या पायाच्या बाजूला, किंचित मागे, एक हात कमरेच्या पट्ट्यात. पडायला लागलीच तर वर ओढून धरू नका, दोघंही जाल. तुमच्या मांडीवरून हळूच खाली बसवा.

पडण्याखेरीजच्या इजा इथे थोडक्यात, कारण सांधेरोपणात त्या घडतात. बधिर पायाची टाच तासन्‌तास गादीवर टेकून राहिली की तिथे जखम होते. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा, आणि दाबल्यावर पांढरी न होणारी लाली दिसली तर लगेच दाखवा. दोन-दोन तासांनी कूस बदलायची, वर सरकवताना ओढायचं नाही, चादरीने उचलायचं. बधिर पायाला गरम पाण्याची पिशवी कधीही लावू नका. भाजलेलं त्यांना कळत नाही आणि फोड सकाळी दिसतो. सुईच्या जागी जळजळ, सूज आली की बाटली थांबवायला सांगा. घरच्या गोळ्या परस्पर देऊ नका, रुग्णालयही देत असतं आणि डोस दुप्पट होतो.

तरीही पडल्याच तर पहिलं काम: उचलू नका. चौघांनी काखेत हात घालून कॉटवर टाकणं ही सर्वांत मोठी चूक. तिथेच पडू द्या, सिस्टर आणि डॉक्टर येईपर्यंत मान हलवू नका. मान दुखते का, हातापायांना मुंग्या आहेत का, एक पाय आखूड होऊन बाहेर वळलाय का, हे बघून मग फळीवर किंवा चादरीत उचलायचं. डोक्याला लागलं असेल, किंवा पडताना कोणी पाहिलं नसेल, तर डोक्याला लागलं असंच धरतात. शुद्धी आणि डोळ्यांच्या बाहुल्या पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाला, त्यानंतर दर दोन तासांनी बघतात. सांधेरोपणानंतर रक्त पातळ करणारं औषध चालूच असतं, म्हणून डोक्याला लागल्यावर सीटी लागेल का हे त्याच वेळी विचारा. मेंदूतला रक्तस्राव काही तासांनीही वाढतो. साखर आणि उभं-आडवं रक्तदाब मोजायला सांगा. ‘पाय घसरला’ एवढं लिहून विषय मिटवला, की तोच रुग्ण दोन दिवसांनी पुन्हा पडतो, कारण मूळ कारण तिथेच असतं.

वडिलांच्या बाबतीत रुग्णालयाकडून केस पेपर मागा. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत ते आहे. पैसे घेऊन उपचार करणारी रुग्णालयं ग्राहक कायद्याखाली येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केलं. तुम्ही तक्रार कराल की नाही, हा तुमचा निर्णय. पण कागद हाताशी असू द्या. त्यात चार गोष्टी शोधा: दाखल करतानाचं मॉर्सचं कोष्टक आणि त्यापुढे काय काय केलं ते, औषधाचा तक्ता आणि त्यावरच्या खऱ्या वेळा, पडल्यानंतर डॉक्टर किती वाजता आले आणि त्यांनी काय लिहिलं, आणि त्या रात्री आठच्या गोळीनंतर पावणेतीनपर्यंत त्यांना लघवीला कोणी, किती वेळा नेलं याची ओळ. ही चौथी ओळ बहुधा नसेल. तिच्याबद्दल लेखी विचारा, आणि आईच्या वेळी ती ओळ पहिल्या रात्रीपासून लिहिली जाते का, तेही बघा.